यकृतावरील वण आणि औषधे

यकृतास वारंवार इजा पोहोचली की त्यातील तारकाकृती पेशी जागृत होऊन कोलॅजेनचे तंतू निर्माण करू लागतात. हा वस्तुतः जखम भरून काढण्याचाच प्रयत्न होय. परंतु इजेचे कारण कायम राहिल्यास तंतूंचे जाळे वाढत जाते, यकृत कठीण बनते व रोग्यास सिऱ्होसिस जडतो. हे तंतू थेट विरघळविणारे खात्रीचे औषध अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे उपाय मुळावरच करावा लागतो.

हिपॅटायटिस-बी व सी हे विषाणू अशा इजेची दोन प्रमुख कारणे आहेत. या बाबतीत हैदराबाद शहराचे कार्य उल्लेखनीय आहे. तेथील शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये बी विषाणूवरील, जनुकीय तंत्राने तयार केलेली पहिली देशी लस बाजारात आणली. सी विषाणूवर लस नाही. मात्र त्याचा बहुतेक रोग्यांत समूळ नाश करणारे सोफोसबुवीर २०१५ पासून त्याच शहरातील नॅटको व हेटेरो या कंपन्यांनी देशात उपलब्ध केले. जोडीच्या औषधासह ते साधारणतः १२ आठवडे घ्यावे लागते.

पडलेला वण कायमचाच, अशी पूर्वी समजूत होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बी विषाणूच्या रोग्यांना ५ वर्षे टेनोफोव्हिर देण्यात आले. त्यांतील सिऱ्होसिसच्या ९६ रोग्यांपैकी ७१ जणांच्या यकृतात सिऱ्होसिस उरला नव्हता. हे औषध विषाणूस दाबून ठेवते, नष्ट करीत नाही. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना ते बंद करणे धोक्याचे असते.