माळ्यावरचा वेताळ लाखाचा होतो का?

प्रश्न : घर आवरताना माळ्यावर पत्र्याची एक पेटी सापडली. आत वडिलांनी शाळेत असताना जमवलेली इंद्रजाल कॉमिक्स आहेत. बरीचशी वेताळाची, थोडी मॅण्ड्रेक आणि बहादूरची. मावसभाऊ म्हणतो, अमेरिकेत असं एक जुनं कॉमिक कोट्यवधींना गेलं, जपून ठेव. आई म्हणते, रद्दीत घाल. वडील मात्र दोघांकडे लक्ष न देता वाचत बसलेत आणि ‘मधले अंक कुठे मिळतील का’ म्हणून विचारतात. खरं काय समजायचं?
– एक वाचक, दुसरबीड, ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा

उत्तर : मावसभावाची बातमी खरी आहे, हिशोब तेवढा चुकलाय. ज्या अंकात सुपरमॅन पहिल्यांदा दिसला, तो ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक 1938 सालचा. किंमत 10 सेंट. त्याची एक प्रत 2024 मध्ये लिलावात 60 लाख डॉलरना गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास 50 कोटी रुपये. पण हा भाव जुनेपणाचा नाही. तो अंक सुमारे दोन लाख छापला होता आणि आज त्याच्या जेमतेम शंभरेक प्रती उरल्या असाव्यात. बाकीच्या पोरांनी वाचून फाडल्या, दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत गेल्या किंवा घर आवरताना फेकल्या गेल्या. थोडक्यात, उरलेल्या प्रतींचा भाव वाढवण्यात जगभरच्या आयांचा मोठा वाटा आहे. तुमच्या आईंना हे जरूर सांगा.

याची उलट बाजूही आहे. 1992 मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला. तोवर जुन्या कॉमिक्सच्या किमतींच्या बातम्या सगळ्यांच्या कानावर गेल्या होत्या. लोकांनी तो लाखोंनी विकत घेतला आणि कितीतरी जणांनी पाकीटही न फोडता कपाटात ठेवला. सगळ्यांनीच जपल्यामुळे आज तो हवा तेवढा मिळतो आणि बहुतेक प्रतींना फारसा भाव येत नाही.

आता तुमची पेटी. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च 1964 मध्ये सुरू केली. पहिला अंक वेताळाचाच होता, किंमत 60 पैसे. ली फॉक यांचा हा नायक अमेरिकन वृत्तपत्रांत 1936 पासून येत होता. मराठीत तो वेताळ झाला आणि चांदोबातल्या वेताळाशी काही संबंध नसताना आपल्याकडे मजेत नांदला. मूळ कथेतला बंगाला देश इंद्रजालमध्ये डेंकाली होतो, सिंग चाचे सिंगा होतात. हे बदल पाहून काहींना वाटतं, आपल्याकडची कॉमिक्स नकली असावीत. तसं नाही. इथल्या वाचकाला बंगाल किंवा शीख समाज आठवू नये म्हणून केलेली ती काळजी दिसते. बहादूर तर अस्सल आपला. भगवा कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंशी लढणारा हा नायक आबिद सुरती यांनी 1976 मध्ये घडवला. 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडलं, तोवर आठशेहून अधिक अंक निघाले होते.

संग्राहकांना यातले हवे असतात ते साठच्या दशकातले, मुखपृष्ठासह आणि धडधाकट. ऐंशीच्या दशकात अंक दर आठवड्याला येऊ लागले, त्यामुळे ते तुलनेने सहज सापडतात. शिवाय आपल्याकडे एक घोळ हमखास असायचा. मुलं हौसेने दहा-बारा अंक एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधून घेत. बाईंडर कडा सारख्या करायला पातं चालवी आणि चित्रांच्या चौकटी, कधी संवादाचं शेवटचं अक्षरही कापून टाकी. वाचायला असा गठ्ठा सोयीचा, पण संग्राहक त्याला हात लावायला नाखूश असतो. तुमच्या पेटीत असा गठ्ठा असेल तर आता तो उसवू नका, पानं आणखी फाटतील. लाखाचं स्वप्न तर सोडूनच द्या.

पानं पिवळी पडली म्हणून घाबरायचं कारण नाही. स्वस्त छपाईच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहून जातं. हवा आणि उजेड लागला की ते तपकिरी होतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद ठिसूळ होतो. पेटी उघडल्यावर येणारा, काहींना फार आवडणारा वास म्हणजे कागद हळूहळू कुजत असल्याची वर्दी! उन्हाळ्यात आपल्याकडे पत्र्याखालच्या माळ्यावर हे काम झपाट्याने होतं. तेव्हा पेटी खाली आणा आणि कोरड्या, अंधाऱ्या कपाटात अंक आडवे ठेवा. गंजलेल्या पिना सावकाश काढा. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. कसर लागू नये म्हणून अधूनमधून चाळत राहा. ते काम वडील करतच आहेत.

राहिला वडिलांचा प्रश्न, आणि मला तोच सगळ्यांत रास्त वाटतो. पन्नाशी-साठीनंतर माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त येतात, असं मानसशास्त्रज्ञांना वारंवार दिसलं आहे. पण इथे आणखी एक कारण असावं. त्या काळी खेड्यात असा अंक पोचायचा तो एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून, नाहीतर सुट्टीला आलेल्या शहरी भावंडाच्या पिशवीतून. वर्गात अदलाबदल व्हायची ती वेगळीच. कुणाला कोणता अंक मिळेल याचा नेम नव्हता. एखादी कथा दोन अंकांत विभागलेली असली की पूर्वार्ध हाती यायचा आणि उत्तरार्ध दुसऱ्याच गावच्या पोराकडे राहायचा. वेताळ चाचांच्या तावडीत सापडला, पुढे काय झालं हे ठाऊक नाही, अशी कितीतरी मुलं आता आजोबा झालीत. जुन्या अंकांच्या मागे लागलेल्यांतल्या बऱ्याच जणांचा शोध हा असा राहून गेलेला उत्तरार्ध शोधण्याचा असतो.

तेव्हा पेटीतल्या अंकांची क्रमांकानुसार यादी करा. नावावर विसंबू नका, कारण काही कथा पुढे नव्या क्रमांकाने पुन्हा छापल्या गेल्या. दोनदा आलेले अंक बाजूला काढा. संग्राहक पैशांपेक्षा अदलाबदलीला लवकर तयार होतात. नागपूरला सीताबर्डीत किंवा मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायला जाल तेव्हा ती यादी खिशात असू द्या. त्यात 123 आणि 124 हे क्रमांक मोकळे राहिले तर मात्र जिवाला लावून घेऊ नका. कंपनीत संप झाला होता, ते अंक निघालेच नाहीत.