डीएनएचे चित्र मागवण्याआधी

स्वतःच्या डीएनएचे चित्र भिंतीवर लावण्याची टूम कॅनडातल्या ओटावा शहरातील 'डीएनए इलेव्हन' या कंपनीने २००५ साली बाजारात आणली. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून पेशी घेतात. त्यांतल्या डीएनएच्या ठरावीक तुकड्यांच्या असंख्य प्रती काढून त्या जेलच्या थरात ठेवतात आणि वीज सोडतात. लहान तुकडे पुढे सरकतात, मोठे मागे राहतात. रंजकामुळे चमकणाऱ्या पट्ट्यांचा फोटो कॅनव्हासवर छापला जातो. रंग संगणकावर भरलेले असतात. चेहरा किंवा स्वभाव या पट्ट्यांत उमटत नाही. एकसारख्या जुळ्यांची चित्रे तर सारखीच निघतात.

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीसाठी मार्क क्विन यांनी २००१ साली केलेले शास्त्रज्ञ जॉन सल्स्टन यांचे व्यक्तिचित्र वेगळे आहे. त्यात सल्स्टन यांच्या डीएनएचे तुकडे वाहणाऱ्या जिवाणूंच्या वसाहतीच आहेत. बाजारात मिळतो तो नुसता फोटो.

बहुतेक घोळ नमुना घेतानाच होतात. तंबाखू-सुपारी खाऊन काडी फिरवू नये. आधी चूळ भरून अर्धा तास थांबावे. पावसाळी दमट हवेत ओली काडी प्लास्टिकमध्ये बंद केली की बुरशी धरते. काडी सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालावी. कुरियरला नेताना उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नये. पाकिटावर नाव आधीच लिहावे. भावंडांच्या काड्यांची अदलाबदल झाली तर चित्र पाहून ती कळत नाही. बाळाचे जावळ पाठवून भागत नाही, कारण कापलेल्या केसाला मूळ नसते आणि हवा तो डीएनए मुळाशी असतो.

आई, वडील आणि मुलांची चित्रे शेजारी लावताना विशेष जपावे. मुलाची प्रत्येक पट्टी आईवडिलांपैकी एकाकडून आलेली असते. ती कुणाशीच जुळली नाही, तर दत्तकविधानासारखी झाकलेली गोष्ट दिवाणखान्यात उघडी पडू शकते.

खरी जोखीम मात्र चित्रापेक्षा उरलेल्या नमुन्यात आहे. त्यातून आजार आणि नातीगोती कळतात, तीही न विचारलेल्या नातलगांसह. वंशावळ चाचणी करणाऱ्या '२३अँडमी' या अमेरिकी कंपनीतून २०२३ साली सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. भारताचा २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कापसाची काडी त्यात येत नाही. म्हणून नमुना कधी नष्ट करणार, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्यावे. तशी हमी मिळत नसेल, तर चित्र मागवू नये.