आधी त्या बायांना सांग

अगं, ऊसतोड बायांवरचा तुझा प्रबंध झाला, चॅनेलवाले फोन करायला लागले आणि तू मला विचारतेस, काय बोलू? त्यांना थोडं थांबव. आधी बीडला जाऊन ये. गर्भपिशवी काढल्याचं ज्यांनी तुला विश्वासानं सांगितलं, त्यांना तुझा निष्कर्ष टीव्हीवरून कळू नये. दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्याच्या आत गाठ त्यांना.

2019 साली सरकारी समितीच्या पाहणीत 82 हजारांवर ऊसतोड बायांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढल्याचं पुढे आलं. बातम्यांनी काय केलं, आठवतंय ना? 'गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव' म्हणून गावांची नावंच छापली. त्या गावातल्या लग्नाच्या मुलींचा विचार कोणी केला गं?

आकडा एकटा सोडायचा नाही, त्याचं कारण त्याच दमात सांगायचं. डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास बघ. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या, 92 टक्के जणींना स्त्रीरोग. पण त्याच अभ्यासात आहे की त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. नुसते 92 ऐकले की लोक बायांकडे बघतात. सोबत 8 सांगितले की दवाखाना कुठे होता, असं विचारावं लागतं. 

तुझ्या आकड्यालाही अशी सोबत दे. उचल घेतलेली, खाडा झाला की मुकादम दंड कापणार, फडावर ना संडास ना पुरेसं पाणी, आणि पोटात दुखतं म्हणून गेलं की कॅन्सरची भीती घालणारा खासगी डॉक्टर. हे सांगितलंस तर कोणी त्या बायांना अडाणी म्हणून मोकळं होणार नाही.

आणखी एक. 'एखादी बाई कॅमेऱ्यासमोर आणता का?' असं चॅनेलवाले विचारतीलच. तू परस्पर हो म्हणू नकोस. नुसतं नाव बदलूनही भागत नाही. तीन मुली, नवरा वारलेला, एवढ्यावरून वस्तीतलं पोरसुद्धा ओळखतं. असे तपशील गाळ, कहाणी थोडी फिकी झाली तरी चालेल.

आणि पहिली मुलाखत मराठीत दे, त्या बायांना ऐकता येईल अशी.