धंदा चालतोय तोवरच पुढचं बघ

बाळा, दादाने उभा केलेला खोपोलीचा कारखाना आता तुझ्या हाती आलाय. ऑर्डरी आहेत, पैसे वेळेवर येतायत, म्हणूनच आत्ता सांगतो. हात आखडल्यावर नवं सुचत नाही, आणि सुचलं तरी बँक दारात उभं करत नाही.

आपल्या कर्जतातलं भिवपुरी बघ. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटमाथ्यावर पाणी अडवायचं, पाचशे मीटर खाली सोडायचं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून बसल्या. कंपनी मात्र एकाच वाटेवर विसंबली नव्हती. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र १९५६ लाच सुरू केलं होतं. २०२३ मध्ये तिने सरकारशी भिवपुरीच्या एक हजार मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पाचा करार केला. दुपारी सौर वीज मुबलक असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि दिवेलागणीला तेच सोडून वीज करायची. डोंगर तोच, पाणीही तेच. आता मोल मिळणार ते हव्या त्या वेळी वीज देण्याला.

तुझ्याकडे असं काय आहे, ते आधी शोध. माल नव्हे; माल उद्या कुणीही करील. कारागिरांचा हात, गिऱ्हाइकाचा विश्वास, यातलं काहीतरी असेल.

ते शोधायचं तर परत आलेला माल थेट भंगारात घालू नकोस. टेबलावर मांड, फिटरला बोलाव, कुठे झिजलं ते त्याच्या बोटाने दाखवू दे. तुटलेल्या गिऱ्हाइकाकडे माणूस पाठवू नकोस, स्वतः जा.

आपल्या कर्जतजवळच्याच कोंडाण्याच्या लेण्यात एकदा नीट उभा राहा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी दगडात लाकडी घराचे सज्जे आणि जाळ्या कोरल्यात. सामान नवं, रूप लोकांच्या ओळखीचं. तुझा नवा मालही जुन्या गिऱ्हाइकाला हाताळायला परका वाटता कामा नये. तिथेच कण्हाचा शिष्य बलक याचं नाव कोरलंय. ज्याची कल्पना, त्याचं नाव चारचौघांत घे. साहेबाचं नाव लागलं की पुढच्या वेळी पोरं गप्प बसतात.

नव्या कामाला माणसं वेगळी दे, आणि त्यांच्याकडे दर महिन्याला नफा मागू नकोस. या दिवाळीच्या आत एक तरी काम सुरू कर, आणि त्याचा हिशेब वेगळ्या वहीत ठेव.