पर्जन्याचें भाकित व पेरणीचा निर्णय

मृग निघण्याच्या सुमारास गांवोगांव एकच चर्चा चालूं असते. ती पावसाच्या अंदाजाची. अंदाज खरा ठरल्यास त्याची कोणी आठवण काढीत नाहीं, खोटा ठरल्यास वर्षभर थट्टा होते. परंतु तो कसा करतात व कोणत्या कामीं वापरावा, याचा विचार फारसा होत नाहीं. तोच प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हिंदुस्थानचें हवामान खातें सन १८७५ मध्यें स्थापन झालें. लवकरच १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ पडला आणि पावसाचें पूर्वज्ञान होईल काय, हा प्रश्न निकडीचा झाला. हिमालयावर बर्फ अधिक पडल्यास पुढील पाऊस कमी होतो, असें खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांस आढळलें व १८८६ पासून भाकितें नियमित निघूं लागलीं. पुढें १९०४ ते १९२४ पर्यंत प्रमुख असलेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनीं दूरदेशच्या हवेचा दाब व आपला पाऊस यांचा संबंध शोधिला. पॅसिफिक महासागराचें पाणी तापतें त्या, म्हणजे एल निनोच्या वर्षीं आपल्याकडे पाऊस बहुधा कमी पडतो, हें ज्ञान त्याच मार्गानें पुढें आलें. यांतील 'बहुधा' हा शब्द विसरूं नये. १९९७ सालीं एल निनो अत्यंत प्रबळ असतां देशांत पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला.

आतां भाकिताचा अर्थ पाहूं. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरतात आणि ९६ ते १०४ टक्के पाऊस साधारण समजतात. २००२ सालीं साधारण पावसाचें भाकित होतें. जुलैंत सुमारें अर्धाच पाऊस पडला व एकूण ८१ टक्क्यांवर हिशेब मिटला. ही भाकिताची चूक. उलट २०२३ सालीं भाकित ९६ टक्क्यांचें होतें, पडला ९४ टक्के. म्हणजे आंकडा जवळजवळ बरोबर. परंतु त्या वर्षींचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा, सरासरीहून ३६ टक्के कमी गेला. सबंध देशाचा व चार महिन्यांचा आंकडा पाहून आपल्या शेताचा निर्णय करणें ही मात्र वाचणाराची चूक होय.

म्हणून ज्या कामास जें भाकित, तेंच वापरावें. हंगामाच्या भाकितावरून कर्ज किती काढावें, चारा किती राखावा, कमी मुदतीचें बियाणें घरांत ठेवावें कीं काय, हें ठरवावें. पेरणी, फवारणी व वरखत यांसाठीं कृषिविद्यापीठांकडून मंगळवारीं व शुक्रवारीं निघणारें सल्लापत्र पाहावें. पहिल्या सरीवर भुलूं नये. कोरडवाहूंत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच पाभर धरावी.

एक हिशेब मांडूं. दुबार पेरणी करावी लागल्यास एकरीं ६,००० रुपये वायां जातात आणि आठ दिवस थांबल्यास उत्पन्नांत १,५०० रुपयांची घट येते, असें समजा. घट ही नुकसानीचा चौथा हिस्सा आहे. म्हणून पावसांत खंड पडण्याचा संभव शंभरांत पंचविसांहून अधिक सांगितला असेल तर थांबणें फायद्याचें, कमी असेल तर पेरणें फायद्याचें. प्रत्येकानें आपले आंकडे घालून हाच हिशेब वैशाखांतच करून ठेवावा.

यावरून संशोधकांकडे आपलें मागणें काय, हें स्पष्ट होतें. नुसतें 'पाऊस चांगला' असें न सांगतां खंडाचा संभव आंकड्यांनीं, तालुकावार व बियाणें खरेदीपूर्वीं सांगावा. आणि मागील भाकितें किती साधलीं, किती चुकलीं, याचा ताळेबंद मराठींत द्यावा. आपलेंही कर्तव्य आहेच. महसुली दप्तरांत पावसाच्या नोंदी करितांना आम्हीं नेहमीं पाहिलें कीं, तालुक्याच्या मापकांत पाऊस भरपूर, तर चार कोसांवरील शिवार कोरडें. गांवचा पाऊस गांवानेंच मोजून ठेविला पाहिजे. पर्जन्यमापक, एक वही व पेरणीची तारीख, एवढें साधन पुरे. दहा वर्षांच्या अशा नोंदी पुढें ठेविल्यास शास्त्रज्ञास आपल्या शिवाराकडे दुर्लक्ष करितां येणार नाहीं. भाकित करणारा व पेरणारा यांनीं एकमेकांस हिशेब दाखविला, तरच दोघांचें काम सुधारेल.