टीडीएस कमी, म्हणजे पाणी शुद्ध?

तिवशाहून अमरावती ओलांडून दर्यापूरकडे गेलं की पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. तिथे खिशातला टीडीएस मीटर फार कामाचा. विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते. ही वाहकता मोजून मीटर क्षारांचा अंदाज देतो. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर २०००. पण जंतू मीटरला दिसतच नाहीत! आकडा २०० आला तरी त्या पाण्याने हगवण लागू शकते. त्यासाठी १९८२ साली मांजा व सहकाऱ्यांनी मांडलेली एच-टू-एस बाटली आहे. पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायचं. जंतूंच्या हायड्रोजन सल्फाइडने ते काळं पडलं, तर मैल्याचा संशय, उकळूनच प्यायचं. मित्रांनो, गावात मीटर न्याल तेव्हा ही बाटलीही न्या.