मालमोटारीतील पाणी आणि हिवाळा
(सामान्य विज्ञान : इयत्ता सहावी व सातवीसाठी पाठ)

परभणी जिल्ह्यातील मुलांच्या दृष्टीने पाणी गोठणे ही केवळ पुस्तकातील गोष्ट असते. पूर्णा अथवा गोदावरी नदीचे पात्र त्यांनी गोठलेले कधी पाहिलेले नसते. बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, एवढीच त्यांची ओळख. साहजिकच 'शून्य अंशास पाणी गोठते' हे वाक्य मुले बिनचूक म्हणतात, पण त्याचा अर्थ त्यांच्या अनुभवाशी जुळत नाही. हा पाठ शिकविताना शिक्षकापुढील खरी अडचण ही आहे.

तथापि थंड मुलुखाशी या भागाचा संबंध नाही असे मात्र नव्हे. पूर्णा जंक्शनवरून जाणारी सचखंड एक्सप्रेस थेट अमृतसरला पोहोचते. शेजारच्या वसमत-अर्धापूर भागातील केळी मालमोटारींतून उत्तरेस जातात आणि काश्मीरची सफरचंदे दक्षिणेस उतरतात. अशा मालमोटारीत हात-तोंड धुण्यासाठी पाण्याचा कॅन असतो, समोरची काच धुण्यासाठी पाण्याची डबी असते आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी रेडिएटरमध्ये असते. काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून 'चिल्लई कलान' या नावाने ओळखला जाणारा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ सुरू होतो. त्या दिवसांत तेथे घरांतील नळ गोठतात. मग उघड्यावर उभ्या केलेल्या वाहनातील पाण्याची काय कथा! हे पाणी गोठू न देण्यासाठी काय करावे, या एका प्रश्नाभोवती सारा पाठ गुंफता येतो.

पूर्वतयारी

दोन किलो बर्फ, अर्धा किलो जाडे मीठ, एक बादली, प्लास्टिकच्या दोन अरुंद पारदर्शक नळ्या, घोंगडीचा जाड तुकडा आणि प्रयोगशाळेतील तापमापक एवढे साहित्य पुरे. ताप पाहण्याचा थर्मामीटर येथे उपयोगी नाही. शून्याजवळचे अंश त्यावर नसतात. बर्फ शाळेत आणताना गोणपाटात गुंडाळून आणावा. तो गोणपाटात का गुंडाळला, हा प्रश्न मुलांकडूनच निघाला तर फारच उत्तम.

हेतुकथन

"पूर्णेहून काश्मीरला निघालेल्या चालकाने आपल्या गाडीतील पाणी गोठू नये म्हणून काय करावे, ते आज आपण पाहू," असे सांगून शिक्षकाने मुलांना उपाय सुचवू द्यावेत. मुले बहुधा तीन उपाय सांगतील : कॅनला घोंगडी गुंडाळावी, खाली जाळ करावा, पाण्यात काही मिसळावे. तिन्ही फळ्यावर लिहून घ्यावेत. बरोबर-चूक हा निवाडा प्रयोगांनंतर करावा.

विषय-निरूपण

पहिला प्रयोग. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक ताटलीत उघडा ठेवावा, दुसरा घोंगडीत गुंडाळावा. कोणता आधी वितळेल, असे विचारताच बहुतेक मुले घोंगडीतील तुकड्याचे नाव घेतील, कारण घोंगडी ऊब देते अशी त्यांची समजूत असते. अर्ध्या तासाने घोंगडी उघडावी. आतील तुकडा उघड्या तुकड्यापेक्षा मोठा राहिलेला दिसेल. घोंगडी उष्णता निर्माण करीत नाही, ती उष्णतेच्या ये-जा करण्यास केवळ अडथळा करते, हा नियम मुलांनी स्वतःच्या तोंडाने सांगावा. त्यावरून चालकाच्या कॅनचेही उत्तर निघते. गुंडाळलेल्या कॅनमधील पाणी उशिरा थंड होईल, पण रात्र मोठी व थंडी अतिशय असेल तर शेवटी तेही गोठेल.

दुसरा प्रयोग. बादलीत बर्फाचे बारीक तुकडे घालून त्यांत एक चतुर्थांश वजनाचे मीठ मिसळावे. तापमापकातील पारा शून्याच्या बराच खाली उतरलेला मुलांना पाहू द्यावा. कुल्फीवाला आपल्या मडक्यात हेच करतो. आता एका नळीत साधे पाणी व दुसऱ्या नळीत विरघळेल तितके मीठ घातलेले पाणी घेऊन, पाण्याच्या पातळीवर खूण करून, दोन्ही नळ्या त्या मिश्रणात उभ्या कराव्यात. काही वेळाने साधे पाणी गोठते, मिठाचे पाणी द्रवच राहते. मिठाचे कण पाण्याच्या कणांना स्फटिकाच्या रचनेत सहज जुळू देत नाहीत, म्हणून ते गोठण्यास अधिक थंडी लागते. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ घातले तर गोठणबिंदू सुमारे उणे ६ अंशांवर जातो. मीठ भरपूर घातले तरी तो सुमारे उणे २१ अंशांच्या खाली नेता येत नाही.

याच नळीत आणखी एक गोष्ट दिसते. साध्या पाण्याचा बर्फ खुणेच्या वर चढलेला असतो. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. तोंडोतोंड भरून घट्ट झाकलेला कॅन थंडीत का फुटतो, याचे कारण हेच. यासाठी कॅनचा आठवा हिस्सा रिकामा ठेवावा.

सातवीच्या वर्गास येथे थोडे गणितही देता येईल. कॅनमध्ये २० लिटर पाणी २० अंशांवर आहे. ते शून्यापर्यंत निवण्यासाठी २० × २० = ४०० किलोकॅलरी उष्णता बाहेर जावी लागते. पण शून्य अंशावरील पाण्याचा शून्य अंशावरील बर्फ होताना दर किलोस ८० किलोकॅलरी, म्हणजे एकूण १,६०० किलोकॅलरी बाहेर जातात. निवण्यापेक्षा गोठण्यास चौपट उष्णता द्यावी लागते, म्हणून भरलेला कॅन एका रात्रीत सबंध गोठणे कठीण. त्याची तोटी व नळी मात्र लवकर गोठते, कारण तेथे पाणी थोडे आणि थंडी लागणारा पृष्ठभाग त्या मानाने मोठा. मुक्कामाच्या ठिकाणी नळी व तोटी रिकामी करून ठेवणे हा उपाय बिनखर्चाचा आणि सर्वांत खात्रीचा आहे.

उपायांचा निवाडा

आता फळ्यावरील तिन्ही उपायांकडे वळावे. घोंगडी उपयुक्त, पण अपुरी. जाळ करणे सर्वथा त्याज्य. जवळच इंधनाची टाकी असते आणि एका ठिणगीने माणूस व माल दोन्ही जाऊ शकतात. उष्णता द्यावयाचीच तर ती नियंत्रित असावी. कटरा ते श्रीनगर या मार्गावर ६ जून २०२५ रोजी सुरू झालेल्या वंदे भारत गाडीत पाण्याच्या टाक्या व नळ्या गोठू नयेत म्हणून विजेवर तापणारी योजना केलेली आहे. रेल्वेच्या गावातील मुलांना हे उदाहरण चटकन पटेल. चालकाजवळ अशी योजना नसते. त्याने हात धुण्याचे पाणी केबिनच्या आत, गुंडाळलेल्या भांड्यात ठेवावे.

तिसरा उपाय पाण्यात काही मिसळण्याचा. मिठाने लोखंड गंजते आणि काचेवर पांढरे डाग पडतात, म्हणून वाहनात त्याचा उपयोग नाही. काचेच्या डबीत अल्कोहोलयुक्त तयार द्रव घालतात आणि रेडिएटरमध्ये कूलंट. कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. शुद्ध ग्लायकॉल सुमारे उणे १३ अंशांसच गोठते, पण ते आणि पाणी निम्मेनिम्म मिसळले असता मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंतही द्रव राहते. दोन द्रव एकमेकांच्या स्फटिकास अडथळा करतात, हे त्याचे कारण.

या ठिकाणी शिक्षकाने थांबून एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि ते प्राणघातक विष आहे. काच धुण्याच्या काही द्रवांतील मिथेनॉलने दृष्टी जाते व मृत्यूही येतो. उरलेले हिरवे, निळे वा लाल कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून घरात ठेवलेले असते; लहान भावंडास ते सरबत वाटते. जमिनीवर सांडलेले कूलंट कुत्रे किंवा वासरू चाटते. प्रारंभी केवळ गुंगी किंवा ओकारी दिसते, आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून असे द्रव मूळ डब्यातच, कुलपात ठेवावे. कोणी प्यायल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे व तो डबा बरोबर घ्यावा. हात-तोंड धुण्याच्या पाण्यात यांपैकी काहीही मिसळू नये, हा चालकाच्या मुलाने घरी न्यावयाचा निरोप आहे. विज्ञानाचा पाठ घरातील एखादे मूल वाचवू शकतो, ही जाणीव या पाठापासून होते.

दृढीकरणाचे प्रश्न

१. घोंगडीत गुंडाळलेला बर्फ उशिरा का वितळतो?
२. कॅन तोंडोतोंड का भरू नये?
३. कॅनच्या आधी तोटी का गोठते?
४. कूलंट सरबताच्या बाटलीत का ठेवू नये?

गृहपाठ व निरीक्षण

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या हवामान नोंदीत २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ५ अंशांच्याही खाली उतरला होता. निरभ्र रात्री उघडा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठते ते असेच. डिसेंबर-जानेवारीत सलग पंधरा दिवस मुलांनी सूर्योदयापूर्वीचे तापमान, आकाशाची स्थिती व पत्र्यावर दव होते की नाही, हे वहीत लिहावे. निरभ्र आणि ढगाळ सकाळच्या नोंदी शेजारी मांडून त्यांतील फरक मुलांनीच शोधावा. ज्या घरी वाहन असेल तेथील कूलंट कोणत्या डब्यात व कोठे ठेवले आहे, तेही मुलांनी पाहून यावे. डब्यास हात मात्र लावू नये. दुसऱ्या दिवशी शिक्षकाने प्रत्येकाचे उत्तर ऐकून घ्यावे आणि जेथे ते बाटलीत आढळेल तेथील पालकांस त्याच दिवशी कळवावे.